पिस्तुलावरील रेड डॉट साइट : निवड, बसवणी आणि सराव

रेड डॉट साइट, म्हणजे नेम धरण्याचे छोटे उपकरण, पिस्तुलावर बसवली की काचेत एक लाल ठिपका दिसतो, तो लक्ष्यावर ठेवायचा आणि चाप ओढायचा, एवढ्याच वर्णनावर विसंबून अनेक नवखे नेमबाज ही साइट विकत घेतात आणि काही दिवसांतच गोंधळून जातात. ठिपका हात स्थिर करत नाही आणि चाप ओढताना होणारी चूकही दुरुस्त करत नाही. हाताने आणि बोटाने नेमके काय केले, हे मात्र तो अत्यंत प्रामाणिकपणे दाखवतो, आणि जे दिसते त्यावर काम करण्याची तयारी असेल तर नवख्या माणसाला याहून चांगले शिकवणारे साधन क्वचितच मिळेल. पुण्यात बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात किंवा शहरातील एखाद्या खासगी रेंजवर एअर पिस्तूल, .२२ किंवा परवान्याचे .३२ पिस्तूल घेऊन शिकायला सुरुवात केलेल्यांसाठी हे मार्गदर्शन आहे.

खरेदीपूर्वी : तुम्हाला कोठे नेम धरायचा आहे?

हा प्रश्न सर्वांत आधी सोडवावा, कारण पुढचा सगळा खर्च त्यावर अवलंबून आहे. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या, म्हणजे आयएसएसएफच्या नियमांनुसार पिस्तुलाच्या सर्व प्रकारांत फक्त उघड्या साइटला, म्हणजे नळीवरील पुढची माशी आणि मागची खाच यांना, परवानगी आहे. भिंग, आरसा, लेसर आणि विजेवर चालणारा ठिपका यांना स्पष्ट मनाई आहे. भारतात राष्ट्रीय रायफल संघटनेच्या १० मीटर एअर पिस्तूल आणि २५ मीटर पिस्तूल स्पर्धा याच नियमांवर होतात. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये जिंकलेले सुवर्ण आणि मनू भाकरने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १० मीटर एअर पिस्तूलमध्ये मिळवलेले कांस्य ही दोन्ही पदके पुढची माशी आणि मागची खाच यांच्याच मदतीने आलेली आहेत.

त्यामुळे तुमचे मूल जिल्हा, राज्य, राष्ट्रीय अशा मार्गाने जाऊ इच्छीत असेल, तर माझे मत स्पष्ट आहे : त्याच्या पिस्तुलावर कायमस्वरूपी रेड डॉट बसवू नका. उघड्या साइटवर डोळ्याची दृष्टी पुढच्या माशीवर रोखायची असते आणि लक्ष्य धूसर दिसू द्यायचे असते. रेड डॉटवर याच्या नेमके उलट, दृष्टी लक्ष्यावर रोखायची असते. कोवळ्या वयात दुसरी सवय आधी पक्की झाली, तर ती मोडायला प्रशिक्षकाला बराच काळ झगडावे लागते. अशा खेळाडूसाठी रेड डॉट हे निदानाचे साधन आहे. चाप ओढताना काय बिघडते हे पाहण्यासाठी अधूनमधून एखादे सत्र त्यावर घ्यावे आणि पुन्हा माशीकडे वळावे.

याउलट, पंचेचाळिशी ओलांडलेल्या आणि जवळचे धूसर दिसू लागलेल्या नेमबाजाला रेड डॉट खरोखर वरदान ठरते. हातभर अंतरावरची माशी, तिच्या अलीकडची खाच आणि पलीकडचे लक्ष्य या तिन्हींवर डोळा एकाच वेळी स्थिर होऊ शकत नाही, आणि वयाबरोबर ही कसरत अधिक कठीण होते. ठिपका मात्र लक्ष्याच्याच अंतरावर असल्यासारखा दिसतो, त्यामुळे जवळच्या चष्म्याचा प्रश्न बव्हंशी मिटतो. छंद म्हणून नेमबाजी करणाऱ्यांना, तसेच आयपीएससी या वेगवान नेमबाजीच्या स्पर्धाप्रकारातील प्रॉडक्शन ऑप्टिक्ससारख्या विभागांची आवड असणाऱ्यांनाही ही साइट योग्य आहे.

कायद्याची बाजू

.१७७ बोअरच्या आणि २० ज्यूलच्या आतील ऊर्जेच्या एअर पिस्तुलाला शस्त्र परवाना लागत नाही. तरीही खरेदीची पावती आणि ओळखपत्र रेंजवर जाता-येता सोबत असावे आणि पिस्तूल बंद पेटीत न्यावे. .२२ किंवा .३२ अग्निशस्त्रासाठी परवाना अनिवार्य आहे. पुणे शहरात तो पोलीस आयुक्तांकडून मिळतो, पिंपरी-चिंचवडला २०१८ पासून स्वतंत्र आयुक्तालय आहे, आणि आयुक्तालयांच्या हद्दीबाहेरच्या ग्रामीण भागासाठी जिल्हाधिकारी हे परवाना प्राधिकारी आहेत. परवाना स्वतःच्या नावावर नसलेल्या नवख्याने रेंजचे किंवा क्लबचे शस्त्र प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच वापरावे.

एक गोष्ट येथे ठासून सांगायला हवी. ईशापूरच्या रायफल फॅक्टरीचे .३२ अशनी असो किंवा तत्सम जुने पिस्तूल असो, भारतात परवानाधारकांकडे असलेल्या बहुतेक पिस्तुलांच्या स्लाइडवर, म्हणजे वरच्या सरकत्या भागावर, रेड डॉट बसवण्यासाठी जागा कोरलेली नसते. भोसरीत किंवा चाकणला ओळखीच्या माणसाचे सीएनसी मशीन आहे, तासाभरात स्लाइडवर खाच पाडून मिळेल, असा विचार पुण्यात सहज मनात येतो. तो तेथेच सोडून द्यावा. शस्त्रात बदल करणे आणि त्याची दुरुस्ती करणे या दोन्ही कामांना शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार स्वतंत्र परवाना लागतो. तो नसलेल्या कारागिराकडून काम करून घेतल्यास दोघेही अडचणीत येतात, आणि चुकीच्या जागी कोरलेली स्लाइड गोळी सुटताना तडकण्याचा धोका तर वेगळाच आहे. पिस्तुलावर कारखान्यातूनच सोय नसेल, तर परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे चौकशी करावी आणि तेथेही मार्ग नसेल, तर रेड डॉटचा सराव एअर पिस्तुलावर करावा. तो मुळीच कमी दर्जाचा नाही.

ठिपका कसा दिसतो?

साइटच्या मागच्या बाजूला एक अतिशय लहान एलईडी असतो. त्याचा प्रकाश पुढच्या वक्र काचेवर पडतो, त्या काचेवरील थर लाल रंग डोळ्याकडे परावर्तित करतो आणि बाकीचा प्रकाश आरपार जाऊ देतो. किरण समांतर होऊन येत असल्यामुळे ठिपका काचेवर न दिसता दूरवर तरंगताना दिसतो. समोरच्या लक्ष्यावर कोणताही लेसर पडत नाही आणि लक्ष्य मोठेही दिसत नाही. स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने १९७५ मध्ये विजेवर चालणारी अशी पहिली साइट बाजारात आणली. आजची पिस्तुलावरची साइट आगपेटीहून फारशी मोठी नसली, तरी तत्त्व तेच आहे.

याचा फायदा समजून घेण्यासाठी थोडे गणित पाहावे. उघड्या साइटमध्ये माशी आणि खाच यांच्यातील अंतर ३० सेंटिमीटर धरले आणि माशी खाचेच्या मध्यापासून केवळ १ मिलिमीटर सरकली, तर १० मीटरवर छर्रा सुमारे ३३ मिलिमीटर दूर लागतो. १० मीटर एअर पिस्तुलाच्या लक्ष्यावर दहाचे वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचे असते, म्हणजे एवढ्याशा चुकीने दहाचा नेम सहावर येतो. याउलट, माशी खाचेत अचूक राहिली आणि संपूर्ण हातच ५ मिलिमीटर बाजूला गेला, तर छर्राही तेवढाच, ५ मिलिमीटरच सरकतो. मनगट किंवा बोट वळल्यामुळे पिस्तुलाचा कोन बदलणे हा खरा शत्रू आहे. रेड डॉटमध्ये माशी आणि खाच जुळवण्याचे काम उरत नाही, पण कोन बदलला की ठिपका त्याच क्षणी उडी मारतो. नवख्याला आपला हात आधीपेक्षा जास्त थरथरतो असे वाटते, ते यामुळेच. हात पूर्वीही तेवढाच हलत होता, आता तो दिसू लागला आहे.

निवड करताना

ठिपक्याचा आकार एमओए या एककात सांगतात. १ एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग, जो १० मीटरवर सुमारे २.९ मिलिमीटर आणि २५ मीटरवर सुमारे ७.३ मिलिमीटर भरतो. ३ एमओएचा ठिपका १० मीटरवर पावणेनऊ मिलिमीटरचा, म्हणजे दहाच्या वर्तुळात मावणारा असतो. ६ एमओएचा ठिपका तेथे साडेसतरा मिलिमीटरचा होतो आणि दहाचे वर्तुळ पूर्ण झाकून टाकतो. मोठा ठिपका चटकन सापडतो, लहान ठिपका अचूकता देतो. स्थिर उभे राहून कागदावर नेम शिकणाऱ्याने २ ते ३ एमओएच्या आसपास राहावे, असे मी सुचवेन. ६ एमओए हा वेगवान प्रकारांसाठी आहे.

दुसरा निर्णय उघड्या आणि बंद बनावटीचा. उघड्या बनावटीत एलईडी आणि काच यांच्यामध्ये मोकळी जागा असते. तेथे पावसाचा थेंब किंवा धुळीचा कण बसला की ठिपका फुटतो किंवा नाहीसा होतो. बंद बनावटीत पुढे-मागे दोन्हीकडे काच असल्याने हा प्रश्न येत नाही, पण ती महाग आणि थोडी जड असते. छताखालच्या १० मीटर रेंजवर उघडी बनावट पुरेशी आहे. २५ मीटरच्या मोकळ्या रेंजवर पावसाळ्यातही जाणार असाल, तर बंद बनावटीचा विचार जरूर करावा.

तेजस्विता हाताने बदलता येणे मला अत्यावश्यक वाटते. आपोआप तेज ठरवणारी साइट तुमच्या जागेवरचा प्रकाश मोजते. १० मीटर रेंजवर मात्र लक्ष्यावर प्रखर दिवे असतात आणि नेमबाजाची जागा तुलनेने अंधारी असते. अशा वेळी ठिपका इतका फिका पडतो की पांढऱ्या कागदावर तो शोधावा लागतो.

खरेदीच्या आधी शक्य असल्यास ओळखीच्या नेमबाजाच्या साइटमधून एकदा पाहून घ्यावे. ठिपका गोल न दिसता स्वल्पविरामासारखा किंवा फुटलेल्या चांदणीसारखा दिसला, तर साइट खराब आहे असे लगेच समजू नये. मोबाइलच्या कॅमेऱ्याने काचेतून फोटो काढावा. फोटोत ठिपका गोल असेल, तर दोष डोळ्याच्या वक्रतेत, म्हणजे अ‍ॅस्टिग्मॅटिझममध्ये आहे. नेत्रतज्ज्ञाकडून योग्य चष्मा करून घेतल्यावर आणि तेज कमी ठेवल्यावर बहुतेकांचे काम भागते.

ऑनलाइन बाजारात नामांकित कंपन्यांच्या साइटच्या हुबेहूब नकला खेळण्यातल्या पिस्तुलांसाठी विकल्या जातात. त्यांतील बऱ्याच साइट अग्निशस्त्राचा धक्का सोसत नाहीत आणि त्यांचा ठिपका गोळीगणिक जागा सोडतो. किंमत अविश्वसनीय कमी दिसली, की तेथेच थांबावे.

बसवणी

साइटच्या तळाचा आकार आणि पिस्तुलावरील जागा एकमेकांशी जुळायला हवी. वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्क्रूंच्या जागा वेगळ्या असतात, त्यामुळे साइट आधी आणि ती जोडण्याची प्लेट नंतर असे न करता दोन्हींची जोडी एकत्रच निश्चित करावी. छंदासाठीच्या अनेक एअर पिस्तुलांवर ११ मिलिमीटरची डव्हटेल पट्टी असते आणि तीवर अ‍ॅडॉप्टर लावून साइट बसते. सामन्यांसाठीच्या पिस्तुलांवर अशी पट्टी सहसा नसते. पिस्तूल स्प्रिंग-पिस्टनचे असेल, तर त्याचा धक्का दोन्ही दिशांना बसतो. साइट तो सोसते का, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारावे.

शस्त्र रिकामे असल्याची खात्री करून स्क्रू आणि त्यांची छिद्रे तेलविरहित करावीत, स्क्रू ढिले होऊ न देणारे निळ्या रंगाचे मध्यम ताकदीचे थ्रेडलॉकर अगदी थोडे लावावे आणि पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कनेच, म्हणजे तेवढ्याच जोराने, स्क्रू आवळावेत. हातात जोर आहे म्हणून अधिक आवळू नये, कारण हे स्क्रू बारीक असतात आणि त्यांचे आटे सहज जातात. लाल, कायमस्वरूपी थ्रेडलॉकर मुळीच वापरू नये. शेवटी स्क्रूच्या डोक्यावरून साइटच्या अंगावर नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढावी. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू ढिला झाला, हे नेम बिघडण्यापूर्वीच कळते.

झिरो करणे

झिरो करणे म्हणजे ठिपका दिसतो तेथेच छर्रा लागेल अशी साइट जुळवणे. टेबलावर वाळूची पिशवी ठेवून दोन्ही मनगटे तीवर टेकवावीत आणि १० मीटरवर, ठिपका काचेच्या मध्याजवळ ठेवून, पाच छर्ऱ्यांचा एक गट मारावा. एका छर्ऱ्यावरून साइट कधीही फिरवू नये. पाचांच्या गटाचा मध्य शोधावा आणि तो लक्ष्याच्या मध्यापासून किती दूर आहे ते पट्टीने मोजावे. साइट जुळवण्याच्या स्क्रूचा एक क्लिक १ एमओएचा असेल, तर १० मीटरवर तो सुमारे २.९ मिलिमीटरचा असतो. म्हणजे गट ३ सेंटिमीटर खाली पडत असेल, तर वरच्या दिशेने दहा क्लिक द्यावेत. आधी वर-खाली जुळवावे, मग डावे-उजवे, आणि प्रत्येक बदलानंतर नवा पूर्ण गट मारावा.

ठिपका नळीच्या वर तीन-चार सेंटिमीटर उंचीवर असतो हे विसरू नये. १० मीटरवर झिरो केलेले एअर पिस्तूल ५ मीटरवर साधारण एक-दीड सेंटिमीटर खाली मारते. तो साइटचा दोष समजून नवखे पुन्हा क्लिक फिरवत बसतात.

सराव

येथे घाई करू नये. सुरुवातीचा बराचसा सराव छर्ऱ्यांशिवाय, म्हणजे ड्राय प्रॅक्टिसचा असावा. परवान्यावरील काडतुसांची मर्यादा आणि रेंजवरील लेनची वेळ पाहता आपल्याकडे तो अधिकच मोलाचा आहे. घरी सराव करताना मॅगझिन काढावे, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासावे, छर्रे किंवा काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवावीत, आणि ज्या भिंतीपलीकडे कोणी वावरत नाही अशाच भक्कम भिंतीकडे नळी रोखावी. वाडा असो वा फ्लॅट, शेजाऱ्यांच्या खिडकीच्या दिशेने रिकामे पिस्तूलही उचलू नये. सामन्यांसाठीच्या एअर पिस्तुलांना बहुधा ड्राय फायरची स्वतंत्र सोय असते. स्प्रिंग-पिस्टनचे पिस्तूल छर्ऱ्याशिवाय डागल्यास पिस्टन खराब होतो, आणि .२२ च्या पिस्तुलावर पुस्तिकेची परवानगी असल्याशिवाय चाप मोकळा ओढू नये.

पहिले काम ठिपका सापडण्याचे. नवखा पिस्तूल उचलतो आणि काच रिकामी दिसते. मग तो मनगट फिरवत ठिपका हुडकत राहतो. ही सवय लागू देऊ नये. आधी डोळे लक्ष्यावरील एका बिंदूवर रोखावेत, मान ताठ ठेवावी आणि पिस्तूल डोळ्यांच्या रेषेत आणावे. डोके पिस्तुलाकडे झुकवू नये. ठिपका काचेच्या वरच्या कडेबाहेर गेला असेल, तर नळी वर उचलली गेली आहे, म्हणून ती किंचित खाली आणावी. बहुतेकांच्या बाबतीत हेच घडते. मग डोळे मिटून पिस्तूल उचलावे आणि उघडल्यावर ठिपका कोठे आहे ते पाहावे. तो प्रत्येक वेळी एकाच बाजूला राहत असेल, तर मूठ किंवा उभे राहण्याची पद्धत त्या बाजूने दुरुस्त करावी. मनगटाने तात्पुरती सोय करून भागवू नये.

दुसरे काम कोऱ्या भिंतीचे, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे. समोर कोणतेही लक्ष्य नको, फक्त भिंत हवी. ठिपका जेथे तरंगेल तेथे तरंगू द्यावा आणि चापावरील दाब हळूहळू, न थांबता वाढवत न्यावा. चाप सुटण्याच्या क्षणी ठिपका कोणत्या दिशेने सरकला, एवढेच पाहायचे. उजव्या हाताच्या नेमबाजाचा ठिपका खाली डावीकडे झटका घेत असेल, तर संपूर्ण मूठ आवळून चाप ओढला जात आहे. थेट डावीकडे किंवा उजवीकडे सरकत असेल, तर बोटाचा कोणता भाग चापावर टेकतो ते बदलून पाहावे. लक्ष्य नसल्यामुळे नेमका क्षण साधून चाप खेचण्याचा मोह उरत नाही, आणि तो मोहच बहुतेक वाईट नेमांचे मूळ असतो. ठिपका तरंगतच राहणार आहे. जगातील उत्तम नेमबाजांचाही तो पूर्णपणे थांबत नाही, त्यांच्या तरंगण्याचे क्षेत्र तेवढे लहान असते. ते लहान करायला खांदा आणि मनगट यांची ताकद लागते आणि ती सावकाश येते.

धरून ठेवण्याची मर्यादा साधारण आठ ते दहा सेकंदांची मानावी. त्याहून जास्त वेळ डोळा एकाच जागी रोखला की दृष्टी थकते आणि हात अधिक हलू लागतो. चाप सुटला नाही तर पिस्तूल खाली आणावे, दोन श्वास घ्यावेत आणि पुन्हा उचलावे. पिस्तूल खाली आणायला कमीपणा मानू नये. १० मीटर एअर पिस्तुलाच्या सामन्यात ६० फेऱ्यांसाठी ७५ मिनिटे असतात, घाईचे कारण नसते.

तिसरा सराव दृष्टीचा. साइटच्या पुढच्या काचेवर कागदी चिकटपट्टी लावावी, म्हणजे साइटमागच्या डोळ्याला फक्त ठिपका दिसेल आणि लक्ष्य दिसणार नाही. दोन्ही डोळे उघडे ठेवून लक्ष्याकडे पाहिले, तर मेंदू दोन्ही प्रतिमा एकत्र करतो आणि ठिपका लक्ष्यावर उमटलेला दिसतो. पट्टी लावल्यावर ठिपका दिसतो पण लक्ष्य हरवते, अशी तक्रार असेल, तर तुम्ही ठिपक्याकडे टक लावून पाहत आहात. दोन्ही डोळ्यांची दृष्टी समसमान नसणाऱ्यांना हे जमायला वेळ लागतो आणि काहींना जमतही नाही. त्यांनी नेम न धरणाऱ्या डोळ्यावर धूसर झापड लावून नेम धरण्यास काहीच हरकत नाही.

रेंजवर छर्रे मारताना सुरुवातीला गुण मोजू नयेत. प्रत्येक फेरीनंतर, स्क्रीनकडे किंवा कागदाकडे पाहण्याआधी, चाप सुटताना ठिपका कोठे होता ते मनाशी सांगावे किंवा वहीत लिहावे, आणि मग छर्रा कोठे लागला ते पाहावे. दोन्ही जुळू लागले की तुमचा फॉलो थ्रू, म्हणजे चाप सुटल्यानंतरही नेम टिकवून पाहत राहण्याची सवय, तयार झाला असे समजावे. ठिपका उजवीकडे होता आणि छर्रा सतत डावीकडे लागत आहे, असे घडत असेल तर आधी स्क्रूवरची रेघ पाहावी आणि मग बोट.

पुण्याची हवा आणि साइटची निगा

जून ते सप्टेंबर या काळात वातानुकूलित गाडीतून किंवा कार्यालयातून थेट रेंजवर गेल्यास काचेवर वाफ धरते. पेटी उघडून ठेवून साइटला बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावे, शर्टाच्या टोकाने पुसू नये. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि पावसाळ्यात त्या वरचेवर बदलाव्यात. बालेवाडी, म्हाळुंगे, हिंजवडी या पट्ट्यात बांधकामाची धूळ बारमाही असते. ती आधी फुंकणीने उडवावी आणि मगच मायक्रोफायबर कापडाने काच पुसावी, नाहीतर बारीक कण काचेवरील थर खरवडतात. एप्रिल-मेच्या उन्हात पेटी गाडीत सोडून जाऊ नये.

बहुतेक साइटना सीआर२०३२ किंवा सीआर१६३२ हा बटण सेल लागतो. तपकीर गल्लीत तो सहज मिळतो, पण सुटा न घेता नामांकित कंपनीचा, मुदत छापलेला बंद पाकिटातलाच घ्यावा. सेल बदलल्याची तारीख पेटीच्या झाकणावर लिहावी. काही साइटमध्ये सेल तळाशी असतो आणि तो बदलण्यासाठी साइट पिस्तुलावरून उतरवावी लागते. अशा वेळी थ्रेडलॉकर, टॉर्क आणि रेघ हे सारे पुन्हा करावे आणि झिरोही पुन्हा पाच छर्ऱ्यांचा गट मारून तपासावा.